बाकावर नऊ की पाच

माझं तोंड खराब आहे. हे मला घरात, ऑफिसात आणि मैदानावर इतक्या वेळा ऐकवून झालंय की आता मी त्यावर वादही घालत नाही. फुटबॉल टीमचा मॅनेजर गोडबोल्या असून भागत नाही, एवढंच म्हणतो. पण जे सांगायला बसलोय त्यात दोष नुसत्या तोंडाचा नव्हता. डोकंही माझंच होतं आणि हातही मीच वर केला होता.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मी राहतो नाहूरला. ऑफिसची फुटबॉल टीम जुनी आहे. मी तिच्यात डावीकडून खेळायचो, मग गुडघा गेला आणि मला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे काय, तर कोणाचे बूट फाटलेत ते बघायचं, रेफ्रीशी भांडायचं आणि यादी करायची. उपनगरातल्या अशाच ऑफिसांची मिळून एक स्पर्धा असते, दिवाळीनंतर सुरू होते ती होळीपर्यंत चालते. सीझनच्या आधी प्रत्येक टीमनं एक यादी द्यायची, मैदानावरचे अकरा आणि बाकावरचे बदली. बाकावर वर्षानुवर्षं नऊ जण चालत आले होते. म्हणजे एकूण वीस नावं.

ही यादी ऑफिसातही जाते. ज्याचं नाव यादीत, त्याला पुढची यादी होईपर्यंत वर्षभर बुधवारी आणि शुक्रवारी दोन वाजता सुट्टी, प्रॅक्टिससाठी. सामने शनिवार-रविवारी. त्यामुळे यादीचे दिवस आले की ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावलेला नाही त्यांनाही फुटबॉलचा पुळका येतो. आम्ही त्यांना हाफ-डेवाले म्हणायचो. एका टीमचा असा एक बदली होता, बाकावर बसून मोबाईलवर घरासाठी सोफा शोधत बसायचा. आमच्यातही एक होता, मोठ्या साहेबांचा मेहुणा. हा प्रॅक्टिसला यायचा, एक फेरी मारायचा, हजेरीपुढे सही करायचा आणि गायब. पोरं घाम गाळतायत, मी ओरडून ओरडून घसा बसवतोय आणि हे महाशय रिक्षात. माझ्या डोक्यात जायचं ते.

गेल्याच्या गेल्या वर्षी सगळ्या मॅनेजरांची मीटिंग होती. कोणीतरी विषय काढला की बाकावरचे नऊ कमी करून पाच करावेत. एक वयस्कर मॅनेजर म्हणाले, असू देत नऊ, बाकावर बसणाराही टीमच असतो. टीव्हीवरच्या मॅचमध्ये बघा, बाकावर रांगच्या रांग बसलेली असते. मला राहवलं नाही. मी उठलो आणि म्हटलं, "टीव्हीवरचं टीव्हीवर. आपल्याकडे बदलता किती येतात? पाच. मग पाचच बसवा ना. बाकीचे चार काय आंघोळीला आलेत?"

हशा झाला. मला हशा मिळाला की मी थांबत नाही. मी सोफावाल्याचं सांगितलं, साहेबांच्या मेहुण्याचं नाव न घेता सांगितलं, नक्कल करून दाखवली. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा पहिला होता. नवाचे पाच झाले. घरी जाताना मी खुशीत होतो, नाक्यावरून बायकोसाठी गरम जिलेबी घेतली.

आता आमच्या दुसऱ्या गोलकीपरबद्दल सांगतो. बदली खेळाडूंमध्ये सगळ्यात फुटकं नशीब दुसऱ्या गोलकीपरचं. फॉरवर्ड दमतो, हाफबॅक लंगडतो, त्यांच्या जागी कोणीतरी आत जातं. गोलकीपर कशाला बाहेर येतोय? आमचा पहिला गोलकीपर तर रेडा होता, सर्दीसुद्धा व्हायची नाही त्याला. त्यामुळे दुसरा सहा वर्षं बाकावर. त्या सहा वर्षांत तो दोन सामने खेळला, तेही आम्ही बाहेर पडल्यावर, नुसते उरकायचे म्हणून असलेले. वेसाव्याचा कोळी. चाळिशीचा, रुंद पंजे, बोलायला कमी. आमच्याच ऑफिसात फायलींच्या खोलीत काम करायचा. मला दादा म्हणायचा.

दर बुधवारी, शुक्रवारी तो प्रॅक्टिसला येताना आपल्या म्हाताऱ्या बापाला घेऊन यायचा. दोन वाजता ऑफिसातून सुटायचा, घरी जायचा, बापाला रिक्षात घालून चारपर्यंत मैदानात हजर. आम्ही सगळे त्याच्या बापाला काका म्हणायचो. काकांचं डोकं गेलेलं होतं. आयुष्य समुद्रात काढलेला माणूस, आता मुलाचं नावही कधी आठवायचं, कधी नाही. भरतीची वेळ मात्र अचूक आठवायची. मध्येच उठून विचारायचे, "पानी भरलं कं?" पोरं म्हणायची, "नाही काका, वेळ आहे." मग बसायचे.

सुरुवातीला मी कुरकुरलो होतो. हे काय मैदान आहे की विरंगुळा केंद्र? मग एकदा गोलचं जाळं फाटलं. काका उठले, दोरा मागितला आणि बसल्या बसल्या शिवून टाकलं. गाठ अशी की ओढून सुटेना. त्यानंतर मी तोंड बंद केलं. जाळं फाटलं की काकांपुढे नेऊन टाकायचं, एवढंच मला कळलं. हा माणूस बापाला बुधवारी आणि शुक्रवारीच का आणतो, हा प्रश्न मला सहा वर्षांत पडला नाही. वाटायचं, म्हाताऱ्याला हवापालट.

पाचाचा नियम झाला आणि मी यादी करायला बसलो. मेहुणा पहिल्या फटक्यात कापला, साहेब काय बोलायचे ते बोलले. हाफ-डेवाले आणखी दोन होते, तेही गेले. आता बाकावर उरले सहा, जागा पाच. पाच खेळणारे, सहावा दुसरा गोलकीपर. त्या पाचांत एक नवीन फॉरवर्ड होता, बारीक पण वाऱ्यासारखा पळायचा. मी विचार केला, गोलकीपर पडलाच तर आपला उंच डिफेंडर हातमोजे घालेल, सगळ्याच टीमा तसं करतात. रेडा काही पडत नाही. मी दुसऱ्या गोलकीपरवर काट मारली.

त्याला कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, मला खेळवू नका. नुसतं नाव ठेवा."

बस, नेमकं हेच वाक्य. माझं डोकंच फिरलं. महिनाभर मी ज्यांच्याविरुद्ध बोंब मारत होतो, तेच हा तोंडावर मागत होता. मी म्हटलं, "यादी म्हणजे काय रेशन कार्ड आहे रे, घरातल्या सगळ्यांची नावं घालायला? सहा वर्षं बसलास ना? पुरे झालं." आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. तो म्हणाला, "बरं दादा," आणि गेला. संध्याकाळी टीमचे हातमोजे परत करून गेला. धुतलेले, वाळवलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

त्या सीझनला आम्ही फायनलला गेलो. कित्येक वर्षांनी. सेमीफायनलचा गोल त्याच बारीक फॉरवर्डनं मारला, बाकावरून उठून, शेवटच्या पंधरा मिनिटांत. लोक माझी पाठ थोपटत होते, यादी झकास केलीस म्हणून. खेळाच्या हिशेबानं मी काहीच चुकलो नव्हतो. अजूनही मला कोणी यादी समोर ठेवून विचारलं तर त्या फॉरवर्डचं नाव मी खोडू शकणार नाही. तेच मला खातं.

फायनल आमच्याच मैदानावर होती आणि तिच्या आधी जाळं फाटलं. चांगलं मोठं भोक. पोरांनी सुतळीनं बांधलं, ते पुन्हा सुटलं. मला काका आठवले. शुक्रवार होता. मी प्रॅक्टिस कप्तानावर सोपवली, जाळं पोत्यात भरलं आणि रिक्षा करून वेसाव्याला गेलो. जाताना मनात म्हणत होतो, चला, या निमित्तानं त्याला भेटूही, राग असला तर जाईल. खरं सांगायचं तर मी कामासाठीच चाललो होतो.

गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. चार वाजून गेले होते. दाराला बाहेरून कुलूप. वाटलं, कोणी नाही. वळलो तर आतून खोकल्याचा आवाज आला. खिडकीच्या गजांतून बघितलं तर काका आत कॉटवर बसलेले, पाय खाली सोडून, दाराकडे तोंड करून. पंखा चालू होता. शेजारी स्टुलावर तांब्या आणि ताटलीत झाकलेलं काहीतरी.

"काका, मी," मी म्हटलं.

त्यांनी मला ओळखलं नाही. नीट बघून घेतलं आणि विचारलं, "किल्ली घेऊन आलास कं?"

"नाही काका."

"मग जा. किल्लीवाला सातला येल."

मी खांद्यावर पोतं घेऊन तिथंच उभा. काय करावं सुचेना. मग त्याला फोन लावला. तो ऑफिसात होता, फायलींच्या खोलीत. मी विचारलं, "अरे, म्हाताऱ्याला कोंडून ठेवलंयस?" तेही ओरडूनच विचारलं, सवयीनं.

त्यानं तिकडे खोलीचं दार लोटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "दादा, डिसेंबरात भरतीच्या वेळेला छातीभर पाण्यात सापडले. होडी शोधत होते. विकून धा वर्षं झाली ती होडी. पोरांनी ओढून आणले. तवापासून कुलूप लावतो. काय करू?"

मी म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर?"

"काय सांगणार? तुम्ही हाफ-डेवाल्यांना शिव्या घालत होता. मी पण हाफ-डेवालाच होतो की."

रागानं बोलला असता तर मी उलट बोललो असतो, मला ते जमतं. तो रागावलाच नव्हता. फोन ठेवला आणि मी पोतं उचलून परत निघालो. जाळं फाटकंच आणलं. फायनल आम्ही सुतळीवर खेळलो आणि हरलो, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना मी स्वतःचीच बाजू घेत होतो. म्हटलं, बाकीचे तीन दिवस सांभाळतातच ना, मग या दोन दिवसांचंच काय अडलं होतं? माझी बायको सावंतवाडीकडची. चिडली की मालवणीत बोलते. ताटात वाढता वाढता म्हणाली, "तुमी बुधवारी काय खातास?"

"मासे."

"आणि शुक्रवारी?"

"मासेच."

"मग त्या दोन दिवशी कोळणी घरात बसतत काय?"

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार मासळी शिजत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे मासळीचे वार. हे मला कोणी शिकवायला नको, पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. त्याची बायको मासळी बाजारात बसते, बहीणही बसते, हेही माहीत होतं. सोमवार, मंगळवार, गुरुवार गिऱ्हाईक कमी, तेव्हा त्यांच्यातली एक म्हाताऱ्याजवळ राहायची. शनिवारी-रविवारी तो स्वतः घरी, सामना असला तर बाप बरोबर. उरले बुधवार आणि शुक्रवार, संध्याकाळच्या बाजाराची गर्दी, घरात कोणी नाही. तेवढ्या दोन दुपारींसाठी हा माणूस सहा वर्षं बाकावर बसला. आणि मी त्याच दोन दिवशी घरी येऊन, त्यांच्यासारख्यांकडूनच घेतलेले बोंबील तळून खात होतो. लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, जेवण गेलं नाही.

बायकोनं माझं ताट उचलून झाकून ठेवलं. तेवढंच बरं केलं तिनं.

पुढच्या सीझनच्या मीटिंगला मी उभा राहिलो आणि म्हटलं, बाकावर पुन्हा नऊ करा. मागून कोणीतरी विचारलं, "का हो, आता आंघोळीला पाणी आलं वाटतं?" सगळे हसले. माझाच विनोद, मलाच परत. मग मी सांगितलं. नाव घेतलं नाही, पण सगळं सांगितलं, कुलपासकट. मग एक तरुण मॅनेजर, चांगला मुलगा, हळूच म्हणाला, "दादा, वाईट वाटतंय. पण घरी काही ना काही सगळ्यांच्याच असतं. मग किती ठेवायचे? शंभर?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. फुटबॉलचा बाक हा म्हाताऱ्यांना सांभाळायची जागा नाही, हे मलाही कळतं. पण दुसरी जागा कुठं आहे, ते कोणी सांगत नाही. मुलांना पाळणाघर मिळतं, ज्याचा बाप भरतीच्या वेळेला पाण्याकडे चालायला लागतो त्यानं कोणाच्या दारात जायचं? मी एवढंच म्हटलं की नियम करताना मी चार नावं कापली आणि त्यातली तीन कापायलाच हवी होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. जाळणारा मी होतो. शेवटी पाच आणि नऊच्या मध्ये सातावर मिटलं.

सातात मी पहिलं नाव दुसऱ्या गोलकीपरचं लिहिलं. यादी घेऊन स्वतः फायलींच्या खोलीत गेलो. माफी मागायची होती, ती काही नीट आली नाही. म्हटलं, "बुधवारपासून ये रे. काकांना घेऊन ये." तो हसला. "येतो दादा," म्हणाला.

बुधवारी आला, एकटाच. विचारलं तर म्हणाला, बाबा येत नाहीत. शुक्रवारीही एकटाच. पुढच्या बुधवारी मी म्हटलं, "प्रॅक्टिस राहू दे, मी तुझी हजेरी लावतो. घरी जाऊन त्यांच्याजवळ बस." हजेरीवरून मेहुण्याला शिव्या घालणारा मी हे म्हणत होतो, पण म्हटलं. त्यानं मान हलवली. "बसून उपयोग नाय दादा. या बघायला."

मग मी त्याच्याबरोबर गेलो. त्यानं कुलूप काढलं, आम्ही आत गेलो. काका कॉटवर बसले होते, आधीपेक्षा वाळलेले. मी त्यांचा हात धरला, म्हटलं, "चला काका, मैदानावर जाऊ. पोरं वाट बघतायत." ते दारापर्यंत आले. उंबऱ्याशी थांबले. बाहेर ऊन होतं, गल्लीतून माणसं जात-येत होती. काका थरथरायला लागले. माझा हात झटकला आणि मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले. मुलाला म्हणाले, "दार लाव रं. भायेरशी लाव."

"मी हाय ना बाबा, बसतो इथंच," तो म्हणाला.

"तू जा. कुलूप लाव नं जा."

तो मला म्हणाला, अगदी सहज, एखाद्या आजाराचं पथ्य सांगावं तसं, "दादा, दार उघडं असलं की ते घाबरतात. कुलूप असलं म्हणजे कोणतरी किल्ली घेऊन येणार. उघडं ठेवलं म्हणजे आपल्याला सोडून गेले, असं बसलंय डोक्यात. मी जवळ बसलो तरी रडतात. लहान पोरासारखे. कुलपाचा आवाज ऐकला की गप होतात."

काका रडायला लागले होते. आवाज न करता, नुसतं तोंड वाकडं करून. आम्ही बाहेर आलो. त्यानं दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप माझ्या हातात दिलं. चपला घालायला तो वाकला होता, म्हणून दिलं असेल. मी ते कडीत अडकवलं आणि दाबलं.

"लावलं कं?" आतून आवाज आला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो अजून चपलेशीच वाकला होता.

"लावलं, काका," मी म्हटलं.

आत सगळं शांत झालं. कॉट करकरली, आडवे झाले असावेत. तो पायरीवर बसला, दाराला पाठ लावून. मीही त्याच्या शेजारी बसलो.